अनुभव धागा : दिवाळीत तुमचा हात कुठे लागला?

दिवाळी झाली की फराळाच्या ताटांचे फोटो येतात, आणि अमक्या ठिकाणी इतके डबे वाटले हेही येतं. वाटा, जरूर वाटा. हा धागा मात्र डब्यांसाठी नाही. सुट्टीच्या चार-सहा दिवसांत तुम्ही कुणाला वेळ दिलात का, हातातली एखादी कला कुणाला शिकवलीत का, घरची रीत कुणापर्यंत पोचवलीत का? किंवा उलट, कुणी तुम्हाला काही शिकवलं का? ते लिहा. फसलेलंही चालेल. खरं तर फसलेलं जास्त चालेल.

सुरुवात माझीच.

आमच्या खालच्या मजल्यावर चार मुलं भाड्याने राहतात. गेल्या वर्षी त्यातल्या दोघांना गावी जायला रजा मिळाली नाही, म्हणून चकलीची ऑर्डर द्यायला त्यांनी दार वाजवलं. म्हटलं, मी विकत नाही देत. रविवारी सोऱ्या फिरवायला या, हव्या तेवढ्या घेऊन जा. आले. त्यातला लातूरचा पोरगा वजनकाटा घेऊनच आला.

आमची भाजणी साधी. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक उडदाची, अर्धी मुगाची, वर धने-जिरे. सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजून दळून आणलेलं होतं. मी सांगत होते : एक वाटी पीठ, एक मोठा चमचा कडकडीत मोहन. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की दाताला दगड. आच मोठी ठेवली की बाहेरून लाल आणि आतून मऊ. पोरगा मधेच म्हणाला, "काकू, ही वाटी किती ग्रॅमची?"

मला रागच आला. अहो, वाटी म्हणजे वाटी. सासूबाईंची पितळी वाटी आहे, एकवीस वर्षं तिनेच मोजतेय. त्याने माझ्या वाटीने एकदा आणि त्याच्या स्टीलच्या वाटीने एकदा पीठ मोजलं. माझ्या वाटीत जवळजवळ पाव हिस्सा कमी मावत होतं. वाटी बुडाशी चेपलेली आहे. म्हणजे पीठ चेपक्या वाटीने आणि मोहन धडधाकट चमच्याने! माझ्याकडून प्रमाण लिहून नेणाऱ्या प्रत्येकीची चकली कडक का होते, ते त्या रविवारी कळलं. माझी नणंद वर्षानुवर्षं म्हणत आली आहे, "वहिनी, तू काहीतरी लपवतेस." तिला रात्रीच फोन केला. तिचा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही.

आता तुमची पाळी.

माचीवरचा म्हातारा, पुणे

आमच्या सोसायटीत मुलं किल्ला करायची, मग मधली काही वर्षं प्लास्टरचा तयार किल्ला आणून ठेवायला लागली. त्यावर मी रणगाडासुद्धा पाहिला आहे. नोकरीतून मोकळा झालो तेव्हा ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस मुलांचे.

2025 च्या जुलैत आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. मी राजगडाची जय्यत तयारी केली होती. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, मधे बालेकिल्ला, मोजमापासकट नकाशा. मुलांसमोर तो उघडला आणि एका नववीतल्या मुलीने विचारलं, "आजोबा, बारातले अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत, ती कशी काय?"

झालं. मी सुरू झालो. 1677 साली दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली, ती पुढे किती कामाला आली, 1689 मध्ये संभाजी महाराजांनंतर राजाराम महाराज रायगडावरून निसटून तिथवर कसे पोचले, मोगलांनी वर्षानुवर्षं वेढा घातला, 1698 मध्ये किल्ला पडला तेव्हा महाराज आधीच बाहेर पडलेले होते. मुलांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग जिंजीच करू." माझा राजगडाचा नकाशा गुंडाळून बाजूला.

जिंजी म्हणजे तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट. विटा रचल्या, पोती चिखलात बुडवून टाकली, अळीव पेरले. तिसऱ्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहतं, त्यांच्या आजी गॅलरीतून दोन दिवस नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी काठी टेकत खाली आल्या आणि नातवाच्या मध्यस्थीने मला म्हणाल्या की कल्याण महाल विसरलात. त्यांचं माहेर विळुप्पुरमकडचं. लहानपणी जिंजीला गेलेल्या. मनोरा असा चौकोनी, मजल्यावर मजले, वर निमुळतं शिखर, असं त्यांनी हवेत बोटांनी काढून दाखवलं आणि मुलांनी काडेपेट्यांचा महाल उभा केला. मी आयुष्यभर किल्ले हिंडलो, जिंजी पाहिली नाही. पाहिलेलं माणूस डोक्यावर दोन मजले राहत होतं.

नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही अभ्यंगस्नान उरकून खाली जमलो तर आजी आधीच न्हाऊन, डोक्याला तिळाचं तेल लावून हजर. त्यांच्याकडे त्या सकाळी एकमेकांना "गंगास्नान झालं का?" असं विचारतात म्हणे. आणि फराळाआधी एक काळपट औषधी लेह्य चाटतात, लेगियम. सुंठ, मिरी, गूळ, तूप आणि आणखी काय काय. फराळ पचावा म्हणून आधीच! आपण ओवा शोधतो तो संध्याकाळी.

रात्रपाळी, ठाणे

लहानसंच आहे. मी स्टाफ नर्स. माझी एक सहकारी वसईची, ख्रिश्चन. लक्ष्मीपूजनाची रात्र ती घेते, 24 डिसेंबरची रात्र मी. आठ वर्षं झाली, कुठे लिहिलेलं नाही, पण ड्यूटी लावणाऱ्या सिस्टरनाही पाठ झालंय.

तीन वर्षांपूर्वी मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आपला हिशोब बरोबरीत. ती म्हणाली, "बरोबरीत कुठे गं? तुझ्या रात्री भुईनळ्याने भाजलेली पोरं येतात. माझी रात्र शांत असते." तेव्हापासून ईस्टरच्या आदली रात्रही मीच घेते.

पाचट, इंदापूर तालुका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दसरा झाला की आमच्याकडे बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरू लागतात, रस्त्याकडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. 2023 साली दिवाळी उशिरा आली, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, 12 नोव्हेंबरला. गाळप सुरू झालेलं. आम्ही सहाजणींनी ठरवलं, या वर्षी कोप्यांवर दिवाळी. लाडू-चिवड्याची पाकिटं, मुलांना कंदील शिकवायला घोटीव कागद, कात्र्या, खळ. सगळं सामान रिक्षात.

पहिल्या दिवशी मुलं जमली, कंदील झाले, फोटो निघाले. मला फार बरं वाटत होतं. परत निघताना एक बाई पुढे आली. पंचविशीची असेल, कडेवर सात-आठ महिन्यांची पोर. म्हणाली, "मॅडम, लाडू द्या नाय तर राहू द्या. मला दोन घंटे द्या. हिला धरा. मी न्हाते, डोस्कं धुते, मग पोरांला न्हाऊ घालते. दिवाळीची अंघोळ आमची दोन वर्सं झाली नाय."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस घरी राहिलं की खाडा, त्याचे पैसे कापतात. पहाटे अंधारात फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. गाडी रात्री बाराला आली तर बाराला. या सगळ्यात स्वयंपाक, पाणी, पोरं. लाडू त्यांना नको होते असं नाही. लाडू खायला निवांत बसायचे दोन तास नव्हते.

आम्ही घरी जाऊन यादी फाडली. पुढचे तीन दिवस पाळ्या लावल्या. दोघी-दोघी जायचो, पहाटे साडेतीनला पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचा, जाळ करून पाणी तापवायचं, आणि बायका न्हात असताना मुलं धरायची. बस, एवढंच काम. माझ्या हातून आयुष्यात इतकी पोरं रडली नसतील. मीही एकदा रडकुंडीला आले, कारण एकाने माझ्या शालीवर सगळं आटोपलं. उटणं आमचं होतं, तेल त्यांचं होतं. मुलांना ओवाळायला ताट नव्हतं तर एकीने परात घेतली.

पाडव्याला त्याच बाईने कोपीपुढे शेणाच्या गवळणी घातल्या. इवल्या इवल्या बाहुल्या, डोक्यावर घागरी, गाई, जातं, चूल. ज्वारीचं धाट नव्हतं म्हणून उसाचं वाढं, म्हणजे शेंडा, खोचलं. माझी आजी घालायची तसंच अगदी. मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं आणि माझ्या मुलीने तर शेणाला हात लावला नव्हता. ती बाई तिला म्हणाली, "नाक धरून गवळण व्हत नसती." मुलगी शिकली. तिची गवळण म्हशीसारखी दिसत होती.

पुढच्या वर्षी आम्ही त्यांची वाट पाहिली. ती टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली होती.

नाव नको

धाग्याचं नाव वाचून हसू आलं. आमच्या घरी दिवाळीत हात कुणाचा लागतो हे विचारायची गरजच नाही, बाकीचे हात रिमोटला लागलेले असतात.

या वर्षी मी अनारशाचे तांदूळ भिजत घातले आणि माहेरी निघून आले. फोनवर सांगितलं : तीन दिवस रोज पाणी बदला, मग उपसा, फडक्यावर सुकवा, दमट असतानाच दळा, गूळ मिसळून ठेवा, तळताना खसखस वर राहू दे, उलटू नका. नवऱ्याने आणि सासऱ्यांनी केले. अनारसे तेलात हसले. कढईभर भुगा.

सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी परत आल्यावर म्हणाले, "हे एवढं सगळं तू नोकरी करून कधी करायचीस गं?" मी काही बोलले नाही. त्यांनी पुन्हा तांदूळ भिजत घातले आहेत. दिवाळी संपून आठवडा झालाय.

दार वाजवणारी, पुणे

मी निवृत्तीनंतर भाऊबीज निधीचं, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी देणगी गोळा करायचं काम करते. त्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला, आज हिंगण्याची ती संस्था किती वाढलीय ते पुणेकरांना सांगायला नको. दिवाळीच्या आसपास आम्ही पावतीपुस्तक घेऊन घरोघर जातो. हा धागा डब्यांसाठी नाही असं वर म्हटलंय, म्हणून मीही पैशांबद्दल न लिहिता वेळेबद्दल लिहिते. एका घराला सरासरी किती वेळ लागतो? पावतीला दोन मिनिटं. पण एकट्या राहणाऱ्या माणसांकडे पाऊण तास. चहा होतो, अल्बम निघतो, परदेशातल्या नातवाचा व्हिडिओ दाखवला जातो. आमच्यातली एक हिशोबी बाई म्हणाली, अशाने रोजची घरं पुरी होत नाहीत. नाही होत. मी अशी घरं आता यादीच्या शेवटी ठेवते, म्हणजे उठायची घाई नसते.

कामटी, फोंडा

आमच्या वाड्यावर एक काका आहेत, आम्ही त्यांना अंकल म्हणतो. बांबूचं काम त्यांच्यासारखं कुणाचं नाही. दिवाळीला आमच्या वाड्यावरच्या घरांचे आकाशकंदील, नाताळात त्यांच्या लोकांची नखेत्रं, म्हणजे चांदणीचे कंदील, दोन्ही त्यांच्याच हातची. नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा बांधताना पोरं अडली की रात्री अकरालाही त्यांनाच उठवतात, आणि ते शिव्या घालत येतात.

दोन वर्षांपासून त्यांचे हात कापतात. गेल्या दिवाळीआधी मला बोलावलं आणि म्हणाले, मी बोलतो, तू बांध. बांबू फार कोवळा नको, फार जून नको. पेरं टाळून चिरायचा, कामट्या तासून एकसारख्या करायच्या, नाहीतर चांदणीला बाक येतो. पाच कोनांच्या दोन सारख्या चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवून टोकं टोकांशी बांधायची, मग आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर काड्या उभ्या खोचायच्या. तेव्हा कुठे चांदणी पोट फुगवते आणि आत दिव्याला जागा होते. मी पहिली काडी लांब कापली, सगळा सांगाडा टणकन सुटला आणि एक कामटी त्यांच्या चष्म्यावर. म्हणाले, "ह्याला शिकवणं म्हणजे देवाची परीक्षा."

दिवाळीला मी पाच कंदील केले. नाताळात त्यांच्या ओट्यावरचं नखेत्र मी केलं. कामट्या त्याच, गाठी त्याच, फक्त शेपटी वेगळी. संध्याकाळी त्यांच्याकडून कुसवारचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट आलं : दोदोल, बेबिंका, नेवऱ्या. चवथीला आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात, नाताळात त्यांच्या आमच्याकडे येतात. कोणाच्या चांगल्या यावर माझी आई आणि अंकलची बायको गेली तीस वर्षं एकमेकींची स्तुती करतात आणि घरी येऊन वेगळंच बोलतात.

रवा, श्टुटगार्ट

इथे रव्याचे लाडू करायला गेले आणि लाडू वळेचनात. दुकानातून आणलेला रवा कडक गव्हाचा निघाला, पास्त्याचा. शेजारच्या आज्जींनी पिशवी वाचून सांगितलं की हा हार्टवायत्सन, तुला वाइखवायत्सन, म्हणजे मऊ गव्हाचा, हवा. मग त्याच माझ्याबरोबर दुकानात आल्या. वर करंज्या तळताना धुराचा भोंगा वाजला, तर त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात तळायला बोलावलं. कातणीने कडा कापायचं काम त्यांनी माझ्या हातून काढूनच घेतलं. डिसेंबरात त्यांनी मला व्हॅनिलाकिपफर्ल शिकवली, बदामाच्या पिठाची चंद्रकोरीसारखी बिस्किटं. माझ्या हाताला करंजीची सवय, मी त्यांना मुरड घालायला लागले. आज्जी बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, असू दे, ही तुझी वेगळ्या डब्यात ठेवू.

मागच्या बाकावरचा, सातारा

शाळेत आम्हाला मराठी शिकवणारे सर आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. नजर गेली आहे, म्हणजे कडेचं थोडं दिसतं, समोरचं अक्षर दिसत नाही. मी त्यांचा लाडका विद्यार्थी अजिबात नव्हतो. निबंधात सहापेक्षा जास्त गुण कधी पडले नाहीत. दोन वर्षांपूर्वी बाजारात भेटले, हातात नवेकोरे दिवाळी अंक. म्हटलं, सर, कोण वाचून दाखवतं? म्हणाले, "कोणी नाही. सवयीने घेतो. वास घेतो."

तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीत रोज संध्याकाळी पाच ते सात मी वाचतो. मोबाइलवर ऐकायची सोय त्यांना माहीत आहे, पण ते यंत्र स्वल्पविरामाला थांबत नाही अशी त्यांची तक्रार आहे. मी थांबतो, कारण थांबलो नाही तर तेच थांबवतात. न आणि ण मधला गोंधळ त्यांनी नववीत काढला नव्हता तो आता काढला. मी एकदा जाहिरातींची पानं उलटून पुढे गेलो तर म्हणाले, "काय वगळलंस?" पानाचा आवाज ऐकून ओळखलं. "जाहिराती पण वाच. अंक त्यांच्यावर निघतात." मग 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथपासून सगळं ऐकवलं. म्हणून आता मी सोन्याच्या पेढ्या, मसाले आणि बँकांचे व्याजदरही स्पष्ट उच्चारांत वाचतो. कविता मात्र दोनदा. पहिल्यांदा माझ्यासाठी, कारण मला कळत नाही, आणि दुसऱ्यांदा त्यांच्यासाठी.

या वर्षी सात अंक घेतले होते. सुट्टी संपली तरी शनिवार-रविवार जातोय. काल शेवटचा संपत आला. सरांनी विचारलं, "संपले की काय?"

म्हटलं, "गेल्या दहा-पंधरा वर्षांचे माळ्यावर आहेत ना तुमच्या."

"ते मी वाचलेत."

"मी कुठे वाचलेत, सर?"

शिडी कुठे ठेवली आहे, ते त्यांनी सांगितलं.